नाबोथाचा नकार

८ मे २०२५ रोजी शिकागो शहरात जन्मलेले कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट यांची पोपपदी निवड झाली, त्यांनी लिओ चौदावे हे नाव धारण केले आणि संत पेत्राच्या आसनावर प्रथमच एक अमेरिकन धर्मगुरू विराजमान झाला. तेव्हापासून आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत अमेरिकेचा विषय अधिकच रंगू लागला आहे. तसा तो पूर्वीही नव्हता असे नाही. प्राणहितेच्या काठी, तेलंगणाच्या सीमेला खेटून वसलेल्या अहेरीसारख्या गावीदेखील कुणाची बहीण न्यू जर्सीत परिचारिका असते, कुणाचा भाचा टेक्सासात शिकत असतो आणि ज्यांचे तेथे कुणीच नसते त्यांच्या हाती मोबाईल तरी असतोच. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात जी मंडळी घोळक्याने उभी राहतात, त्यांच्यात अमेरिकेविषयी दोन पक्ष हमखास पडतात. एका पक्षाच्या मते तो देश म्हणजे पृथ्वीवरचे नंदनवन. लोकशाही असावी तर तशी, शिस्त असावी तर तशी. दुसऱ्या पक्षाच्या मते जगातील प्रत्येक अरिष्टाचे मूळ त्याच देशात आहे.

आमचे प्रांजळ मत असे, की दोन्ही पक्षांनी अमेरिका दुरूनच पाहिली आहे. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसेच ते अक्राळविक्राळही दिसतात. मग परक्या देशाचा इतिहास वाचावा तरी कशासाठी? याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातीलच एका थोर पुरुषाने देऊन ठेवले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. अमेरिकेला मुजरा करणे हा त्यांचा हेतू नव्हता. सातासमुद्रापलीकडे एका समाजाने आपल्याच पापाशी झुंज घेतली, मग तसे आपल्या खेड्यापाड्यांत का घडू नये, हे त्यांना आपल्या लोकांना विचारायचे होते. त्याच रीतीने अमेरिकेच्या इतिहासातील एक धागा आज आम्ही वाचकांपुढे उलगडू इच्छितो आणि तो आमच्या गडचिरोली जिल्ह्याच्या अरण्यात कोठे येऊन पोहोचतो, तेही दाखवू इच्छितो. प्रश्न नैतिक आहे व तो थोडक्यात असा: बलवानाने मागितलेली वस्तू 'देत नाही' असे दुर्बळाने म्हटले, तर त्या नकाराचे मोल किती?

हा प्रश्न नवा नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात इज्रेलच्या नाबोथाची कथा आली आहे. त्याचा द्राक्षमळा आहाब राजाच्या वाड्याला लागून होता आणि राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की आहाबाने आरंभी जुलूम केला नाही. त्याने रीतसर मागणी केली. याहून चांगला मळा देतो म्हणाला, नाही तर रोख किंमत देतो म्हणाला. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने भूसंपादनाचा उत्तम मोबदला देऊ केला. नाबोथाने उत्तर दिले, की हा माझ्या वाडवडिलांचा वारसा आहे, तो मला देता येत नाही. राजा वाड्यात परतला आणि तोंड फिरवून, न जेवता निजून राहिला. पुढचे काम ईजबेल राणीने केले. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटविली, गावच्या वडीलधाऱ्यांना सभा भरवायला लावली, दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडमार झाला आणि मळा राजाच्या ताब्यात आला. सभा झाली, साक्षी झाल्या, शिक्कामोर्तब झाले. कागदोपत्री कोठेही उणीव राहिली नाही. एलिया संदेष्ट्याने मात्र या कागदांकडे ढुंकूनही न पाहता, घडले ते खून आणि लूट आहे, असे राजाला तोंडावर सांगितले. आम्हांला वाटते, आहाबाच्या पापाचा आरंभ दगडांच्या पुष्कळ आधी, राजाला नकार पचला नाही त्या रात्रीच झाला होता.

आता अमेरिकेकडे वळू. ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. २०२६ हे त्याचे अडीचशेवे वर्ष. ईश्वराने सर्व माणसांना समान निर्माण केले आहे आणि राज्यकर्त्यांना न्याय्य सत्ता मिळते ती शासितांच्या संमतीतूनच, असा त्याचा आशय आहे. राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी, म्हणून त्याला कोणी जाब विचारू नये, असे युरोपात शतकानुशतके सांगितले जात होते. त्या काळात हा विचार मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल त्या पिढीचे ऋण जगाने मान्यच केले पाहिजे. परंतु तो मजकूर लिहिणारे थॉमस जेफर्सन स्वतः गुलामांचे मालक होते आणि त्याच जाहीरनाम्यात त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख निर्दय रानटी म्हणून आला आहे. संमती हवी हे ठरले. ती कोणाची, या प्रश्नापाशी शाई संपली. गुलामगिरी कायद्याने नष्ट व्हायला १८६५ साल उजाडले, तेही भीषण यादवी युद्धानंतर. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली, म्हणजे ज्यांची ती भूमी होती ते तिचे नागरिक इतक्या उशिरा झाले.

हे घडले कसे, हे पाहताना ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक पान वगळून चालणार नाही. १४९३ साली पोप अलेक्झांडर सहावे यांनी काढलेल्या फर्मानाने, नव्याने सापडलेल्या पश्चिमेकडील प्रदेशांवर स्पेनच्या राजसत्तेचा हक्क मान्य केला. त्या प्रदेशांत राहणाऱ्या कुणाला काही विचारले गेले नव्हते. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी, हे लोक पूर्णार्थाने माणसे आहेत व ते श्रद्धेच्या बाहेर असले तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे ठामपणे जाहीर केले. तथापि राजांना पहिला कागद सोयीचा होता, दुसरा नव्हता. शोध लावणाऱ्याची मालकी, हे तत्त्व पुढे युरोपीय कायद्यात मुरले आणि १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपली मोहोर उठविली: जमीन शोधणाऱ्यांची, मूळ रहिवाशांना तेथे केवळ राहण्याचा हक्क. व्हॅटिकनने हा सिद्धांत आपला नव्हे, असे सांगून तो स्पष्ट शब्दांत नाकारला तो ३० मार्च २०२३ रोजी. पाचशे तीस वर्षांनी का होईना, हे झाले याचा आम्हांला आनंद वाटतो. आणि पाचशे तीस वर्षे लागली याची खंतही वाटते.

या सिद्धांताची फळे चेरोकी जमातीच्या वाट्याला कशी आली ते पाहावे. मूळ रहिवासी अडाणी आहेत, सुधारले की त्यांना हक्क मिळतील, असे तेव्हा म्हटले जात असे. चेरोकींनी तेही करून दाखविले. सेक्वोया नावाच्या त्यांच्यातील एका कारागिराने आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली, १८२७ साली त्यांनी लिखित संविधान स्वीकारले, १८२८ साली त्यांचे वृत्तपत्र निघू लागले. तरीही १८३० साली त्यांच्यासारख्या जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. १८३५ च्या डिसेंबरात न्यू एकोटा येथे मूठभर चेरोकींनी आपली सारी भूमी सोडून देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यांना जमातीने तसा अधिकार दिला नव्हता. मुख्य नायक जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा निषेधअर्ज वॉशिंग्टनला नेला. सिनेटने मात्र आवश्यक संख्येपेक्षा एका मताने करार मंजूर केला. १८३८ साली सैन्याने घरोघर जाऊन माणसे बाहेर काढली. सुमारे सोळा हजार लोक निर्वासित झाले आणि छावण्यांत व वाटेत त्यांतील सुमारे चार हजार मृत्यू पावले. सभा, सह्या, शिक्का: ईजबेलची रीत जशीच्या तशी.

परंतु इतिहास एवढाच सांगून थांबणे अन्यायाचे होईल. जॉर्जिया राज्याने चेरोकींच्या भूमीत राहणाऱ्या गोऱ्या लोकांनी राज्यनिष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा केला, तेव्हा सॅम्युएल वुस्टर आणि एलायझर बटलर हे दोन प्रॉटेस्टंट मिशनरी शपथ नाकारून तुरुंगात गेले. त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली होती. त्यांच्याच खटल्यात १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने, चेरोकींच्या भूमीत जॉर्जियाचा कायदा चालणार नाही, असा निवाडा दिला; आणि तो लिहिणारे सरन्यायाधीश जॉन मार्शल हे १८२३ चा निकाल लिहिणारेच होते. निवाडा कागदावरच राहिला, कारण तो अमलात आणण्याची इच्छा सत्ताधाऱ्यांना नव्हती. पण ज्या समाजात दोन धर्मसेवक परक्यांच्या नकारासाठी तुरुंगात जातात आणि एक न्यायाधीश नऊ वर्षांत वेगळा निवाडा देतो, त्या समाजाला केवळ लुटारू म्हणून मोकळे होता येत नाही. अमेरिकेला सैतान म्हणणाऱ्या आमच्या बंधूंनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. नंदनवन म्हणणाऱ्यांनी ते चार हजार मृत लक्षात ठेवावेत.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या परिसराच्या फार जवळचे आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लॅक हिल्स हे डोंगर लाकोटा लोकांना पवित्र. १८६८ च्या तहाने ते त्यांच्याकडे राहतील असे अमेरिकेने लिहून दिले होते. १८७४ साली, म्हणजे जोतीरावांच्या पुस्तकाला एक वर्ष होते न होते तोच, त्या डोंगरांत सोने सापडले आणि १८७७ साली सरकारने ते काढून घेतले. एका शतकानंतर, १९८० साली, सर्वोच्च न्यायालयाने हे कृत्य बेकायदा ठरवून सुमारे साडेदहा कोटी डॉलर भरपाईचा हुकूम कायम केला. लाकोटांनी ती रक्कम घेतली नाही. आजवर घेतलेली नाही. व्याजासह ती शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे आणि लाकोटांच्या वस्त्या त्या श्रीमंत देशातील अत्यंत दरिद्री वस्त्यांत मोडतात. आमचे डोंगर विकाऊ नव्हते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. नाबोथालाही त्याच्या शेजाऱ्यांनी तसेच म्हटले असेल.

कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. १८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांद्याचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तेव्हा येथील गोंड-माडियांना कोणी विचारले नव्हते. अहेरी जमीनदारीतील मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी अरण्य सरकारचे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांचे हक्क सवलतींत जमा झाले. अमेरिकेतील १८२३ च्या निकालाशी हे किती जुळते पाहा: मालकी एकाची, राहण्याची मुभा दुसऱ्याची. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली, निस्तारपत्रके झाली. जळाऊ लाकूड, बांबू, गवत नेण्याचे निस्तार हक्क नोंदले गेले, पण जंगल कोणाचे हा प्रश्न तसाच राहिला. संसदेने १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत वनवासी जनतेवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. सार्वभौम संसदेने आपल्याच कायद्यात असे शब्द लिहावेत, ही आमच्या मते भारतीय लोकशाहीच्या मोठेपणाची खूण आहे.

या कायद्याला अर्थ कसा येतो, हे आमच्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा या छोट्या गोंड गावाने दाखविले. दिल्ली-मुंबईत आपले सरकार असले तरी गावात आपणच सरकार, अशा आशयाची त्या गावची घोषणा सर्वश्रुत आहे. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते. तरीही आपला बांबू विकण्यासाठी लागणारी वाहतूक परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला; त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. या सर्वाहून आम्हांला मोलाची वाटते ती तेथील निर्णयाची पद्धत. तेथे बहुमताने ठराव होत नाहीत. सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेकडे जातो आणि दरम्यान अभ्यास गट त्यावर विचार करतो. वेळ लागतो, हे खरे. पण नकार देणाऱ्याला हरविण्याऐवजी समजून घेण्याची ही रीत, जाहीरनाम्यातील संमतीच्या तत्त्वाला फिलाडेल्फियाहूनही मेंढ्याने अधिक गांभीर्याने घेतले, असे म्हणायला जागा देते.

येथे सुज्ञ वाचक विचारतील, की प्रत्येकाने नकारच दिला तर देश चालेल कसा? शंका रास्त आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे; दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. २०१६ साली तेथे उत्खनन सुरू झाले, त्याच वर्षी माओवाद्यांनी खनिजाची वाहने मोठ्या संख्येने जाळली, काम थांबले आणि २०२१ पासून ते पुन्हा सुरू झाले. त्यातून तरुणांना रोजगार मिळाला हे डोळ्यांनी दिसते. घरातला तवा लोखंडाविना होत नाही, हेही आम्ही जाणतो. शिवाय मालकी हक्क निरपवाद असतो, असे ख्रिस्तसभेने कधीच शिकविलेले नाही. सृष्टीची संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, हे संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. मग बहुजनांच्या हितासाठी थोड्यांनी त्याग करू नये काय?

याचे उत्तर देताना योहानच्या शुभवर्तमानातील दोन जागा शेजारी शेजारी ठेवाव्यात. सर्व लोकांसाठी एकाने मरणे हिताचे आहे, असा सल्ला कयफा या प्रमुख याजकाने दिला. आणि आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो, असे प्रभू येशूने सांगितले. मृत्यू एकच, क्रूस एकच. परंतु कयफाच्या तोंडी तो हिशेब आहे आणि प्रभूच्या तोंडी तो त्याग. त्याग हा करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागाला वेगळे नाव आहे. म्हणून ज्याला सार्वजनिक हितासाठी काही मागायचे असेल त्याने तीन गोष्टी कराव्यात असे आम्हांला वाटते. आपली गरज भुकेची आहे की भाजीच्या मळ्याची, हे त्याने प्रथम स्वतःला विचारावे. काय जाणार व काय मिळणार, हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगावे. आणि नकार आला तर तो ऐकण्याची तयारी ठेवूनच दाराशी जावे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरी डोंगराचा प्रश्न डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभांकडे सोपविला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी नकार आला. तो मानला गेला. देश बुडाला नाही.

हीच कसोटी बंदूकधाऱ्यांनाही लावली पाहिजे. आदिवासींच्या नावाने चार दशके ज्यांनी या अरण्यात हत्यार चालविले, त्यांनी तरी गावाला कधी विचारले होते? रात्री येऊन भाकरी मागणाऱ्या हाती बंदूक असली की होकार आणि नकार यांत फरक उरत नाही. गरिबांचा कैवार घेऊन गरिबांचा नकार ठोकरणारा माणूस आहाबाच्याच वाड्यातला आहे, त्याचा झेंडा कोणताही असो.

नकार पचविण्याची कसोटी बलाढ्य अमेरिकेला अगदी अलीकडेही द्यावी लागली. २०२० च्या निवडणुकीत मतदारांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्षांना नाकारले आणि त्यांनी तो कौल मान्य केला नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदभवनात घुसला. त्याआधी डझनावारी खटले न्यायालयांनी फेटाळले होते; आणि ज्या जॉर्जियाने एकेकाळी मिशनऱ्यांना तुरुंगात डांबले, त्याच राज्याच्या निवडणूक प्रमुखांनी, स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे असूनही, मतांचा आकडा बदलण्यास नकार दिला. २०२४ साली मतदारांनी त्याच नेत्याला पुन्हा निवडले. तो त्यांचा अधिकार होता. आमचा मुद्दा एवढाच, की राज्यघटना भिंतींनी टिकत नाही. आपल्याच माणसाला 'हे होणार नाही' असे सांगणारी चार माणसे कचेऱ्यांत बसलेली असतात, म्हणून ती टिकते.

आता घराकडे येऊ, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखविणे सोपे असते. आमच्या भागातील धर्मग्रामांत मराठी, तेलुगू, मलयाळम, माडिया, बंगाली अशा नाना भाषा बोलणारी कुटुंबे एकत्र येतात. सभा मराठीत होते, ठराव मराठीत वाचला जातो, वाचणारा घाईत असतो, आणि मागच्या रांगेत बसलेली माडिया बाई गप्प असते. मग 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणून ठराव एकमताने मंजूर होतो. हे वचन कोणी रचले ठाऊक नाही, पण ते बोलणाऱ्यांच्या सोयीचे आहे यात शंका नाही. गप्प राहण्याची कारणे पुष्कळ असतात: भाषा समजली नाही, सावकार शेजारी बसला आहे, उद्या याच माणसाकडे कामाला जायचे आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात जी स्त्री पहाटेपासून उन्हात पाने खुडते, तिला बोनसाच्या वाटपाविषयी शेवटी विचारायचे आणि भांडी घासण्याविषयी प्रथम सांगायचे, ही रीत ख्रिस्ती घरांतूनही अजून गेलेली नाही.

लेकीच्या विवाहाचेच घ्या. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने. आईबापांच्या, जातभाईंच्या किंवा धर्मगुरूंच्या संमतीने नव्हे. भीतीने वा बळजबरीने दिलेला होकार हा होकारच नव्हे आणि तो विवाहही विवाह नव्हे. वेदीपुढे उभे करण्याआधी धर्मगुरू दोघांनाही वेगवेगळे विचारतो, ते याचसाठी. पण मंडप उभारला गेल्यावर, पत्रिका वाटल्यावर, बापाचे कर्ज झाल्यावर त्या मुलीने नाही म्हणायचे तरी कसे? ज्या घरात मुलीचा लहानसहान बाबतींतला नकार कधी ऐकला गेला नाही, तेथे वेदीपुढच्या होकाराविषयी आम्हांला नेहमीच धाकधूक वाटते.

या विषयाचा सर्वांत खोल आधार आम्हांला नाझरेथच्या घरात सापडतो. ज्याने शब्दाने विश्व निर्माण केले, त्याला मानवी देह धारण करण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. तरी लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे गाब्रिएल देवदूत एका खेड्यातील गरीब मुलीच्या दाराशी जातो, तिची शंका ऐकून घेतो, तिचे समाधान करतो आणि तिच्या उत्तराची वाट पाहतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी आपल्या एका प्रवचनात, त्या क्षणी सारी सृष्टी श्वास रोखून मरियेच्या उत्तराकडे कशी डोळे लावून बसली होती, याचे चित्र उभे केले आहे. ती 'नाही' म्हणू शकत होती. म्हणूनच तिच्या 'होय'ला मोल आहे. सर्वसमर्थ परमेश्वर जेथे विचारल्यावाचून उंबरा ओलांडत नाही, तेथे राजे, सरकारे, कंपन्या, क्रांतिकारक, कुटुंबप्रमुख आणि आम्हां धर्मगुरूंनी तो ओलांडावा, हे कोणत्या न्यायाने?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या लोकांना ग्रामसभा म्हणजे राजकारण वाटते आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी दवंडी झाली तरी अनेक ख्रिस्ती कुटुंबे घरीच बसतात. तसे करू नये. ग्रामसभेस जावे, आणि पुरुषांनीच नव्हे तर स्त्रियांनीही जावे. सभा उठेपर्यंत बसावे. शेजारच्याला मराठी समजत नसेल तर त्याला त्याच्या भाषेत सांगावे. आपला विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवायला लावावा आणि दुसऱ्याचा विरोध असेल तर तो नोंदला जाईल हे पाहावे, मग तो आपल्या मताविरुद्ध का असेना. ठराव वाचून झाल्यावाचून सही किंवा अंगठा देऊ नये. आणि सह्या झाल्या की नोंदवहीत खाली जी कोरी जागा उरते, तिच्यावर सर्वांसमक्ष आडवी रेघ ओढून घ्यावी, म्हणजे मागाहून तेथे कोणाला काही लिहिता येणार नाही.